छोट्या ट्रॅक्टरचं दुखणं
(प्रस्तावना)

‘ट्रॅक्टर लोड घेईना’ एवढंच सांगून मालक गॅरेजच्या दारात ट्रॅक्टर उभा करतो आणि संध्याकाळपर्यंत हेड खाली उतरलेलं असतं. निफाडला हेच, तासगावला हेच आणि सांगोल्यालाही हेच. हेड उतरवायलाच नको असं मी म्हणत नाही. कधी कधी त्यावाचून गत्यंतर नसतं. पण त्याआधी कोणी एअर क्लिनर उघडून पाहिला होता का, डिझेल टाकीचं झाकण सैल करून पाहिलं होतं का, लोड नसताना इंजिन किती आरपीएम देतं ते मोजलं होतं का, असं विचारलं की बहुतेकदा समोरचा गप्प बसतो. हे न विचारलेले प्रश्न विचारायला शिकवणारं पुस्तक मराठीत हवं होतं. ते आता झालं, म्हणून त्याला प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

छोटा ट्रॅक्टर म्हणजे आपल्याकडे ढोबळमानाने १५ ते ३० एचपीचा, द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या दोन ओळींतून अंग चोरून जाणारा. तो मोठ्या ट्रॅक्टरची लहान प्रत असतो ही समजूत आधी सोडायला हवी. पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरकडे ताकद शिल्लक असते. फिल्टर अर्धा तुंबला तरी तो काम रेटून नेतो आणि मालकाला पत्ता लागत नाही. छोट्याकडे ही शिल्लक जवळजवळ नसतेच. ब्लोअर जोडून फवारणी सुरू केली की तो पहिल्या मिनिटापासून पूर्ण ताकदीनिशी चालतो, तेही तासन् तास, गंधकाच्या भुकटीत आणि औषधाच्या तुषारांत. रेडिएटर लहान, डिझेलच्या वाटा बारीक, वेग जास्त. साहजिकच मोठ्यात महिनाभर दडून राहणारा दोष छोट्यात दुपारपर्यंत उघडा पडतो.

या छोट्या ट्रॅक्टरांची दोन घराणी आहेत आणि दोन्हींची दुखणी वेगळी आहेत. पहिलं घराणं आपल्या ऑइल इंजिनाचं. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनवली, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, तिकडे राजकोटला लिस्टर धर्तीच्या इंजिनांचे कारखाने वाढले. विहिरीवरचं ते एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू होणारं इंजिन महाराष्ट्रातल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्यांची शाळा होतं. महिंद्राचा १५ एचपीचा युवराज एका सिलिंडरचा आहे. असं इंजिन पाहिलं की जुन्या मिस्त्रीला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

दुसरं घराणं जपानी. यानमारने १९३३ मध्ये शेतावर नेता येईल एवढं लहान डिझेल इंजिन बनवलं. कुबोटाने १९६० च्या आसपास भातखाचरांत चालतील असे ट्रॅक्टर बाजारात आणले. मित्सुबिशी, इसेकी हीही त्याच वाटेने आली. आपल्याकडे १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने बंगळुरूत व्हीएसटी ही कंपनी सुरू झाली. आधी पॉवर टिलर आले, पुढे मित्सुबिशी शक्ती हा तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आला. आपल्या बागायती पट्ट्यात छोट्या ट्रॅक्टरची ओळख ज्या यंत्रांनी करून दिली, त्यांत त्याचं नाव अग्रभागी आहे. या घराण्यातली इंजिनं कमी व्यासाच्या सिलिंडरची आणि वेगाने फिरणारी. त्यांपैकी अनेकांत डिझेल थेट पिस्टनवर न फवारता शेजारच्या लहान कोठडीत फवारलं जातं, त्यामुळे थंडीत सुरू व्हायला त्यांना ग्लो प्लग लागतो. डिसेंबरच्या पहाटे असं इंजिन नुसतं फिरत राहिलं, सुरू होईना आणि पांढरा धूर टाकायला लागलं, तर ऑइल इंजिनावर हात बसलेला मिस्त्री कॉम्प्रेशन गेलं म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात एक ग्लो प्लग जळलेला असतो किंवा त्याची वायर सुटलेली असते.

ट्रॅक्टर किती ताकदीचा, हा वाद ट्रॅक्टरइतकाच जुना आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझर नावाच्या शेतकऱ्याने घेतलेला ट्रॅक्टर कंपनीने सांगितलेलं काम करीना. पुढे तो विधिमंडळात निवडून गेला. चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकता येणार नाही, असा कायदा १९१९ मध्ये झाला तो त्याच्या पुढाकारामुळे. पुढच्याच वर्षी चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशातल्या बुदनीची केंद्रीय संस्था करते. तिच्या अहवालात पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, मिळालेली ताकद, ती कोणत्या आरपीएमला मिळाली आणि त्यासाठी किती डिझेल लागलं, हे सगळं असतं. माहितीपत्रकावर ठळक छापलेली एचपी इंजिनाची असते. पीटीओवर त्यातली साधारण ८० ते ९० टक्के पोहोचते. ‘१८ एचपीचा घेतला, पण १८ चं काम करत नाही’ या तक्रारीचा निम्मा निकाल इथेच लागतो, पाना हातात न घेता. खरं तर बुदनीचा अहवाल प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर हवा. मी तरी तो अजून एकाही भिंतीवर पाहिलेला नाही.

दोष शोधण्याच्या पद्धतींबद्दल बोलायचं तर मला चार पंथ दिसतात. पहिला कानाचा पंथ. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि आवाजावरून टॅपेट, बेअरिंग की नोझल याचा निवाडा. हा पंथ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तीन सिलिंडरचं इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट सतरा नंबरच्या पान्याने किंचित सैल करायचा. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर कामच करत नव्हता. दोन मिनिटांची ही तपासणी याच पंथाची देणगी आहे. (एका सिलिंडरच्या इंजिनावर ती करू नये, इंजिन बंद पडेल आणि कळणार काहीच नाही.) मात्र नोझलच्या दाबाखालची डिझेलची धार कातडीतून आत शिरते आणि त्यावर शस्त्रक्रिया करायची पाळी येऊ शकते. नट सैल करताना हात बाजूला आणि डोळ्यांवर चष्मा, एवढं प्रत्येक उस्तादाने शागिर्दाला पहिल्या दिवशी सांगायला हवं. सांगत नाहीत.

दुसरा पंथ तक्त्यांचा. डाव्या रकान्यात लक्षण, उजव्यात कारणं. कंपनीच्या प्रत्येक माहितीपुस्तिकेच्या शेवटी असा तक्ता असतो. अमेरिकेत जॉन डीअरची दुरुस्तीविषयक पाठ्यपुस्तकं आणि आय अँड टी या नावाने निघणारी शॉप मॅन्युअल्स यांनी हा पंथ कळसाला नेला. त्यातली उणीव अशी की ‘ताकद कमी’ या लक्षणासमोर पंधरा कारणं एकाखाली एक छापलेली असतात, आणि आधी काय पाहायचं हे तक्ता सांगत नाही. तिसरा पंथ मोजमापाचा: आरपीएम मोजा, कॉम्प्रेशन मोजा, डिझेलचा दाब मोजा, मगच बोला. आणि चौथा पंथ पार्ट बदलण्याचा. पंप बदला, नोझल बदला, राहिलं तर लायनर-पिस्टन बदला; शेवटी कशाने तरी ट्रॅक्टर चालेलच. आज सर्वाधिक अनुयायी या चौथ्या पंथाचे आहेत, कारण बिल त्यातच मोठं होतं.

या पुस्तकाचे लेखक कानावर वाढले आणि मोजमापाकडे वळले. त्यांचा मूळ प्रश्न साधा आहे: ताकद तयारच होत नाही, की तयार झालेली ताकद वाटेत कोणी खातंय? या एका प्रश्नाने तक्रारींचे दोन ढीग होतात. क्लच घसरणं, ब्रेक चिकटणं, चाक घसरणं, १५ एचपीच्या ट्रॅक्टरला चार फुटी रोटाव्हेटर जोडणं, पीटीओचा गिअर चुकीचा टाकणं, ही सगळी दुसऱ्या ढिगातली. इंजिन त्यात निर्दोष असतं. चाक किती घसरतं हे पाहायला यंत्र लागत नाही. मागच्या चाकाला खडूची खूण करा, लोड नसताना दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे जातो ते टेपने मोजा, मग नांगर लावून पुन्हा मोजा. २९ मीटरचे २३ झाले तर वीस टक्क्यांहून जास्त ताकद मातीत घासून चालली आहे. तिथे नोझल बदलून काय होणार? वजन वाढवा, टायर पाहा, नांगराची खोली कमी करा.

पहिल्या ढिगात, म्हणजे ताकद तयारच होत नसेल तेव्हा, धुराशी बोलावं लागतं. लोडवर काळा धूर आणि ताकद कमी, म्हणजे डिझेल येतंय पण हवा पुरत नाही. एअर क्लिनर, त्याचा पाइप, सायलेन्सर इथून सुरुवात करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकून असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरलंय, आणि हे दोन वासावरून वेगळे ओळखता येतात. सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे धूर नाही आणि ताकदही नाही. त्याचा साधा अर्थ असा की डिझेलच पुरेसं पोहोचत नाही.

इथे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण द्राक्षपट्ट्यात ते दर हंगामात कुठे ना कुठे घडतं. ब्लोअर लावून फवारणी चालू आहे. वीस-पंचवीस मिनिटं ट्रॅक्टर छान चालतो, मग आवाज बसत जातो, वेग वर-खाली होतो आणि इंजिन बंद पडतं. दहा मिनिटं थांबून सेल्फ मारला की पुन्हा सुरू, पुन्हा वीस मिनिटं. मिस्त्री म्हणतो पंप गरम होऊन बसतोय. पंप उतरतो, कॅलिब्रेशनला जातो, बसतो, एक दिवस बरं चालतं, मग पाढे पंचावन्न. खरा दोष टाकीच्या झाकणात असतो. झाकणाला हवा आत घ्यायला सुईएवढं भोक असतं, ते औषधाच्या थराने बुजलेलं. डिझेल खेचलं जातं तसतशी टाकीत पोकळी वाढत जाते आणि शेवटी फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. इंजिन बंद पडून थोडा वेळ गेला की इकडून तिकडून हवा शिरते आणि सगळं पूर्ववत. इंजिन बसायला लागताच झाकण सैल करून पाहा. ‘फुस्स’ आवाज आला आणि इंजिनाने उचल खाल्ली तर दोष सापडला. झाकण सैल करूनही फरक नसेल तर टाकीतून डिझेल बाहेर पडतं त्या तोंडाशी पानाचा तुकडा किंवा चिंधी अडकलीय का पाहा. इंजिन चालू असताना ती ओढली जाऊन तोंड बंद करते आणि इंजिन थांबलं की तळाशी सुटते, म्हणून लक्षणं तंतोतंत तशीच दिसतात. दोन्ही तपासण्यांना खर्च शून्य. पंप उतरवण्याआधी त्या झाल्याच पाहिजेत, हा या पुस्तकाचा आग्रह मला शंभर टक्के मान्य आहे.

बाहेरून आत, फुकटापासून महागाकडे, हा क्रम पुस्तकभर पाळला आहे. त्यामुळे पहिलं मोजमापही फुकटात मोडणारं: लोड नसताना अ‍ॅक्सिलरेटरचं हँडल पूर्ण ओढल्यावर आरपीएम किती. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा तो दोन-तीनशेने कमी भरला तर बहुधा केबल ताणली गेली आहे आणि पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत पोहोचतच नाही. दहा-अकराच्या पान्याचं काम. ज्यांनी या दुखण्यापायी इंजिन बांधून घेतलं आहे, त्यांनी हे पान वाचताना शांत राहावं.

गॅरेजमधल्या काही पक्क्या सवयींवर लेखकाने कठोर लिहिलं आहे आणि ते योग्यच आहे. ट्रॅक्टर गरम होतो म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं ही त्यातली सर्वांत जुनी. थर्मोस्टॅट इंजिनाला सुमारे ८० अंशांवर लवकर पोहोचवतो. तो काढला की इंजिन दिवसभर थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये काजळी वाढते आणि लायनर झिजतात. ट्रॅक्टर गरम होण्याचं खरं कारण बहुतेकदा रेडिएटरच्या पापुद्र्यांत बसलेला गंधक आणि गवताच्या कुसळांचा थर असतो. तो धुवायचा तो पंख्याच्या बाजूने, आतून बाहेर. समोरून पाण्याचा जोर मारला तर तोच थर आणखी आत ठासला जातो. पंपाचं सील तोडून ‘पंप वाढवणं’ ही दुसरी सवय. हवा तेवढीच असताना डिझेल वाढवलं की काळा धूर वाढतो, पिस्टनचा माथा तापतो आणि चार दिवसांची ताकद दोन वर्षांचं आयुष्य खाऊन जाते.

एका बाबतीत माझं लेखकाशी जमत नाही. ऑइल बाथ एअर क्लिनरवर त्यांचा फार लोभ आहे. तो धुता येतो आणि पार्ट आणायला शहरात जावं लागत नाही हे खरं. पण वाटीतल्या ऑइलची पातळी पाहण्याची शिस्त किती जण पाळतात? पातळी कमी झाली की धूळ आत, जास्त झाली की ऑइलच इंजिनात. कागदी फिल्टर निदान तुंबला की काळा धूर टाकून ओरडतो. असो, हा जुना वाद आहे आणि तो पुस्तकाबाहेरही चालू राहील.

हे पुस्तक आताच का, याचं एक कारण आभाळात आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला की डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी काही तासांच्या आत फवारणी करावी लागते. त्या दिवशी ट्रॅक्टर उभा राहिला तर नुकसान दुरुस्तीच्या बिलापेक्षा कितीतरी मोठं असतं. आणि छोटा ट्रॅक्टर ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे बहुधा तो एकच असतो. बैलजोडी केव्हाच विकलेली असते. फवारणीच्या दिवसांत गॅरेजवर रांग असते हे वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण तंत्राचं आहे. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराची कडक मानकं लागू झाली. त्यांच्यात कॉमन रेल, सेन्सर, कंट्रोलर आले आणि स्कॅनर जोडल्याशिवाय बोलणं खुंटलं. अमेरिकेत ही रेषा २५ एचपीवर आहे, म्हणून तिथले बरेच छोटे ट्रॅक्टर त्या आकड्याच्या किंचित खालीच ठेवलेले दिसतात. आपल्याकडचे बहुतेक छोटे ट्रॅक्टर मात्र अजून यांत्रिक पंपावर चालतात. कान, डोळे, पाना आणि आरपीएम मोजायचं एक स्वस्त मीटर एवढ्यावर त्यांचं दुखणं शोधता येतं. तशी सोय असताना ती शिकून घेतली नाही तर दोष यंत्राचा नाही.

डिझेलविषयी पसरलेल्या एका गैरसमजाचाही इथे समाचार घेतला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळू लागलं आणि त्यातला गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आला. तेव्हापासून ‘नव्या डिझेलने पंप जातात’ हे वाक्य गॅरेजोगॅरेजी ऐकू येतं. गंधक गेला तसं वंगणही गेलं, असा त्यामागचा समज. पण डिझेलच्या वंगणगुणाला मानकात किमान मर्यादा घालून दिली आहे, ती गाठण्यासाठी त्यात द्रव्यंही मिसळली जातात. पंप मारतं ते पाणी आणि माती: गोठ्याशेजारी उघडा ठेवलेला कॅन, पावसात भिजलेला बॅरल, फडक्याने गाळलेलं डिझेल आणि वर्षभर न बदललेला फिल्टर.

या पुस्तकाची मर्यादा लेखकानेच आखून घेतली आहे. इंजिन कसं बांधायचं हे इथे शिकवलेलं नाही. ते बांधायची गरज आहे की नाही, हे ठरवायला शिकवलं आहे. ब्रीदरमधून धूर फुसफुसत असेल, कॉम्प्रेशन खरंच उतरलं असेल, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत असतील तर लेखक स्वतःच गॅरेजचा रस्ता दाखवतात. आणि चांगल्या मिस्त्रीबद्दल त्यांना अपार आदर आहे. हे पुस्तक त्याच्या पोटावर पाय आणणारं नाही; उलट मालक नीट तक्रार घेऊन आला तर मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं ठेवली आहेत. ट्रॅक्टर गॅरेजला नेण्याआधी त्यांवर तारीख, मीटरवरचे तास, धुराचा रंग, दोष थंड इंजिनात दिसतो की तापल्यावर, लोडवर की लोड नसताना, आणि शेवटचा डिझेल फिल्टर किती तासांवर बदलला, एवढं लिहा. ते पान मिस्त्रीच्या हातात द्या आणि मगच त्याला बोनेट उघडू द्या.